अचानक कंबर धरली तेव्हा काय झालं? साठीनंतरच्या पाठदुखीचे तुमचे अनुभव

तुळशीपाशी:
गेल्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी मी बाथरूममधली अर्धी बादली उचलून गॅलरीत नेत होते, अर्धीच बरं का, आणि पाठीत कट् असं काहीतरी झालं. पडले नाही, घसरले नाही, काही नाही. बादली नीट खाली ठेवली (पाणी सांडलं नाही याचा त्याही वेळी आनंद झाला, काय म्हणावं) आणि मग सरळच होता येईना. मला वाटलं उसण भरली. आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात, समोरच्या बिल्डिंगमधल्या एक वहिनी पायाळू आहेत, त्यांनी बिचारीने लाजत लाजत तीनदा पाय टेकवला. नशीब नुसता टेकवला. पुढे काय निघालं ते बघता, लाथ घातली असती तर, या विचाराने आता काटा येतो अंगावर.

तीन आठवडे शेक, मलम, निर्गुडीचा पाला, फॅमिली डॉक्टरांची दोन इंजेक्शनं असं चाललं. आडवं पडलं की बरं वाटायचं आणि उठून उभं राहिलं की जीव जायचा. शेवटी मुलाने उचलून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी पाठ बघितलीच नाही, विचारलं उंची किती? म्हटलं पाच दोन. मोजली तर पाच फूट अर्धा इंच! गेली दोन-तीन वर्षं साडी पायात येत होती आणि मी म्हणत होते हल्ली साड्यांचा पन्हाच मोठा करतात मेले. एक्सरेत बाराव्या मणक्याची पुढची बाजू चेपलेली, पाचरीसारखी. म्हणजे बादली उचलताना मणका मोडला होता. डेक्सा नावाची हाडांची तपासणी केली, टी स्कोअर उणे ३.४ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे हाडं ठिसूळ. माझी पिशवी बेचाळीसाव्या वर्षी अंडाशयांसकट काढली होती, ते ऐकल्यावर डॉक्टर म्हणाले, मग हाडांची झीज तिथूनच सुरू झाली असणार.

सहा आठवडे पट्टा. व्हिटॅमिन डीची ६०,००० ची पुडी आठवड्याला एक. आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन दात तपासून आणा म्हणाले (पाठीसाठी दात! पण करतात असं, त्या औषधात जबड्याचा प्रश्न येऊ शकतो) आणि मग वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं औषध. दुसऱ्या दिवशी ताप आणि अंग ठणकलं, आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही.

पण खरं सांगू का, दुखणं सोसलं हो. जड गेलं ते दुसऱ्याने अंघोळ घालणं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, कुणाची हिंमत नव्हती मला हाताला धरून बसवायची.

तुमच्या कंबरेने असं अचानक धरलं का? नंतर कारण काय निघालं? घरात काय काय बदलावं लागलं? गोळ्यांची नावं सुचवू नका प्लीज, तेवढं डॉक्टर बघतात. बाकी सगळं सांगा.

पुढे सरका:
ताई, मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर. वय आता ७६. माझं तुमच्या उलटं आहे. मला बसलं की काही नाही, चालायला लागलं की कंबरेपासून दोन्ही पाय भरून येतात, जड पडतात, पोटऱ्यात गोळे. आधी अर्धा किलोमीटर जायचो, मग शंभर पावलं, मग तर दुधाच्या डेअरीपर्यंत जाताना मधे दोन कट्टे लागायचे. सगळे म्हणाले रक्त पोचत नसेल पायात. तपासलं तर रक्तवाहिन्या ठणठणीत. गंमत म्हणजे सायकल कितीपण मारा, काही होत नव्हतं, आणि पोरगा मॉलमधे घेऊन गेला तिथं ती ढकलगाडी धरून पूर्ण मॉल फिरलो, सून म्हणली बाबा तर नाटक करतात घरी. हेच डॉक्टरला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला काका तुम्ही अर्धं निदान करून आलाय. पुढं वाकलं की मणक्याच्या आतली जागा मोकळी होती, ताठ उभं राहिलं की आवळती. नसा जातात तो बोळच अरुंद झालाय. कॅनाल स्टेनोसिस म्हणतात. ऑपरेशन लागलं नाही अजून, चाकाचा वॉकर घेतलाय, त्याच्यावर वाकून चालतो. आधी लाज वाटायची, आता गावात सगळे म्हणतात आला बघा गाडीवाला.

७५ पूर्ण झाल्यावर एसटी फुकट आहे आम्हाला. पण ती पहिली पायरी चढणार कोण? जन्मभर म्हाताऱ्यांना म्हटलं लवकर चढा ओ, मागं गाड्या थांबल्यात. आता कळतंय.

खिडकीतली:
तुळशीपाशी, माझं सेम, फक्त बादलीऐवजी शिंक. खोटं वाटेल पण हो, बसल्या जागी शिंकले आणि मणका गेला. दम्यासाठी बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या खाल्ल्या होत्या, त्यांनी हाडं पोखरली. मला रोज पोटात टोचायचं इंजेक्शन दिलंय, पेन असतं इन्सुलिनसारखं.

लातूरचा थोरला:
माझ्या आईचं लिहितो, तिला टाइप करायला येत नाही. वय ६४. पाठीत मधोमध दुखायचं, सगळ्यांनी सांगितलं मणक्यांमधली गादी सरकली, शेतात काम केलेलं शरीर आहे, सरकणारच. पट्टा, ट्रॅक्शन, कुणीतरी सांगितलं म्हणून एका गावी जाऊन मणका बसवून आणला (हे आता आठवलं की माझाच मला राग येतो). सहा महिने गेले. आई रात्री झोपत नव्हती. इथेच मी चुकलो, कारण वर ताईंनी लिहिलं तसं झोपलं की बरं वाटायला पाहिजे ना, हिचं रात्री जास्त. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, वजन आठ किलो उतरलं, आम्ही म्हणायचो दुखण्याने जेवण जात नाही. एमआरआय केला तर मणक्याचा टीबी. मणक्याला पू झालेला. खोकला नाही, बेडका नाही, घरात कुणाला कधी टीबी नाही. सुईने नमुना काढून तपासला आणि पक्कं झालं.

औषध सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालं, वर्षभर चाललं. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तर आईने रडून घर डोक्यावर घेतलं, रक्त जातंय म्हणून. ते गोळीमुळे होतं, कुणी आधी सांगायला काय हरकत होती. नातेवाईकांनी ताट-पेला वेगळा ठेवायला सांगितलं. मी म्हटलं मणक्यातला टीबी श्वासातून उडून येत नाही, छाती तपासली आहे, स्वच्छ आहे, चहा प्या आणि गप बसा. आता आई चालते. पाठीला थोडा बाक राहिला तो राहिला.

रात्रीचं दुखणं, बारीक ताप आणि उतरणारं वजन, तिन्ही एकत्र असेल तर गादी गादी करत बसू नका एवढंच.

चहाला या:
इथे व्यायामाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मला पण हाडं ठिसूळ निघाली होती, दुखणं थांबल्यावर मीच शहाणपणा केला. मोबाईलवर कंबरदुखीसाठी आसनं बघून पुढे वाकून पायाचे अंगठे धरायला लागले, दहाव्या दिवशी दुसरा मणका. फिजिओथेरपिस्ट बाई इतक्या ओरडल्या. म्हणाल्या ठिसूळ मणक्याला पुढे वाकणं म्हणजे चेपल्या डब्यावर पाय देणं. मला पालथं झोपून डोकं-खांदे हलकेच उचलायला, भिंतीला पाठ लावून उभं राहायला, असले व्यायाम दिले. आणि आमच्याच मजल्यावरच्या आजोबांना नेमकं उलटं, गुडघे छातीशी घ्या, मागे वाकू नका. एका लिफ्टने जातो आम्ही, एकच फिजिओ, आणि त्यांचा कागद माझ्याकडे आला तर माझं वाटोळं.

पुढे सरका:
बरोबर, मला पण गुडघे छातीशीच दिलंय. आजोबा माझ्याच बोळातले दिसतात.

पेणकर:
लिहू का नको करत होतो. वय ६१. गणपतीच्या कारखान्यात काम, मूर्ती हलवायची म्हणजे कंबर आलीच. दर सीझनला दुखायची, चार दिवसांत जायची. त्या वर्षी मूर्ती उचलताना चमक आली ती सरळ पायात, करंट लागल्यासारखी. झोपून राहिलो. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय जड पडले आणि बसायच्या जागेला बधिर, म्हणजे गाडीची सीट टेकते तेवढा भाग. संडासला गेलो तर धुतलेलं कळेना. लघवी तटलेली पण लागल्याचंच समजत नव्हतं. मी कुणाला बोललो नाही. असलं काय सांगणार सुनेसमोर. संध्याकाळी बायकोने ओळखलं, पोट फुगलं होतं, भाच्याने गाडी काढली, रात्रीच मुंबई. तिथे डॉक्टर म्हणाले गादीचा मोठा तुकडा निघून खालच्या सगळ्या नसांवर बसलाय, सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच ऑपरेशन.

पाय सुधारले. लघवीचं पूर्वीसारखं नाही, घड्याळ लावून जातो, नळीची सवय झाली होती ती सुटली हे नशीब. लाजेत जो एक दिवस घालवला तो परत मिळत नाही. तुमच्या कुणाच्या घरात कंबर धरलेला माणूस असेल तर त्याला सरळ विचारा, लघवी होतेय का, तिथे बधिर आहे का. तो स्वतः सांगणार नाही.

तुळशीपाशी:
पेणकर, बरं झालं लिहिलंत. मी आजच भावाला फोन करून विचारलं, तो चिडला, पण उत्तर दिलं.

अर्धी भाकर:
गोळ्यांची नावं नकोत म्हणालात म्हणून नाव लिहीत नाही, पण ह्यांनी दुकानातून स्वतःच्या मनाने पेनकिलर आणून चार महिने खाल्ल्या, सकाळ-संध्याकाळ, बीपी आणि शुगर असताना. कंबर राहिली बाजूला, क्रिएटिनिन वाढलं. आता किडनीच्या डॉक्टरांकडे फेऱ्या. आणि मला नसांच्या दुखण्यासाठी जी गोळी दिली तिने गरगरायचं, पहाटे उठताना कपाटावर आपटले. डॉक्टरांना सांगितल्यावर डोस निम्मा केला. आधीच सांगायला हवं होतं, पण मला वाटलं म्हातारपणाची चक्कर.

घरातले बदल विचारलेत ना. आमच्या चाळीत संडास भारतीय पद्धतीचा. प्लास्टिकची भोक असलेली खुर्ची वरून ठेवली, भिंतीत दांडा बसवून घेतला, टॉवेलचा नाही हो, टॉवेलच्या दांडीला धरून माझी जाऊ पडलीय, जाड स्टीलचा. पलंगाखाली लाकडाचे ठोकळे घालून तो गुडघ्याच्या थोडा वर घेतला. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत उठायचं, हे दवाखान्यातल्या नर्सने शिकवलं, आजही तसंच उठते. पिठाचा डबा ओट्यावर आला. पाच लिटरचा कुकर माळ्यावर गेला, दोन माणसांना लागतो कशाला. फक्त मांडी घालता येत नाही हे लागतं मनाला. भजनी मंडळात सगळ्या सतरंजीवर आणि मी खुर्चीवर, मागच्या भिंतीला. पेटीवाल्या ताई म्हणाल्या तुम्ही आता परीक्षक वाटता.

दिवेघाट:
अकरा वाऱ्या झाल्या पायी. बाराव्या वर्षी मे महिन्यात डावा पाय कंबरेपासून टाचेपर्यंत धरला, एमआरआयत चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी. रिपोर्ट वाचून मी मृत्युपत्रच करायला बसलो होतो. डॉक्टर म्हणाले या वयात शंभर लोकांचे एमआरआय काढले तर न दुखणाऱ्यांच्या पण गाद्या अशाच दिसतील, कागदाला घाबरू नका, पायात ताकद आहे ना मग थांबा. अंथरुणाला खिळून राहायचं नाही असं बजावलं, पहिले दोन दिवस सोडले तर घरातल्या घरात दर तासाला उठून फिरायला लावलं. मला तर लहानपणापासून माहीत, कंबर दुखली की महिनाभर फळीवर झोपायचं. वडिलांना तसंच निजवलं होतं, ते उठले तेव्हा मांड्यांत ताकदच उरली नव्हती.

दहा आठवड्यांनी कळ गेली. टाचेत थोड्या मुंग्या आहेत अजून. वारी तेवढी चुकली. पालखी पुण्यात आली तेव्हा रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसून दर्शन घेतलं, आमच्या दिंडीतले लोक रांग सोडून भेटायला आले. मी म्हटलं जा जा, घाट चढायचाय तुम्हाला.

खिडकीतली:
तुळशीपाशी, एक विचारायचं राहिलं. साडीचं काय केलंत? माझी पण पायात येते.

तुळशीपाशी:
अगं, साडी तीच, परकर खालून दीड इंच आत दुमडून शिवून घेतले सगळे, म्हणजे निऱ्या वर खोचायचा अंदाज बरोबर येतो. टेलरने विचारलं, काकू, उंची कमी झाली का? त्याला पण कळलं बघ, मला तीन वर्षं कळलं नव्हतं. काल त्यातलाच एक घालून एकटी खाली भाजीला गेले. कोथिंबीर आणि चार लिंबं एवढंच आणलं. वॉचमन पिशवी घ्यायला धावला तर म्हटलं राहू दे रे, जड नाहीये. बादली मात्र आता ओढते, चाकांचा पाट मिळतो तो घेतलाय, फरशीवर खडखड आवाज होतो आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात.