सीज टँकची रांग झीलट का फोडतात

प्रश्न असा आहे की ‘स्टारक्राफ्ट: ब्रूड वॉर’ या संगणक खेळात टेरनच्या (माणसांची बाजू) सहा सीज टँकांची, म्हणजे जागी रोवून लांबून मारा करणाऱ्या रणगाड्यांची, रांग असूनही प्रोटॉसचे (परग्रहवासीयांची बाजू) झीलट, म्हणजे जवळून लढणारे पायदळ, ती का फोडून जातात. सीज टँकचे ७० डॅमेज स्फोटक प्रकारचे आहे. ढालीवर (जिवाआधी संपणारे कवच) ते पूर्ण लागते, पण झीलट लहान आकाराचा असल्याने जिवावर निम्मेच. ६० ढाल आणि १०० जीव संपवायला चार गोळे लागतात. ड्रॅगून (प्रोटॉसचा लांबून मारणारा लढवय्या) मोठा, त्याला तीन पुरतात.

दुसरी अडचण किमान पल्ल्याची. झीलट टँकला भिडला की तो टँक त्याला मारूच शकत नाही, आणि शेजारचे टँक मारतात तेव्हा स्फोट आपल्याच टँकवर पडतो. म्हणून टँक चिकटवून लावू नका, मागेपुढे पसरवा. व्हल्चरचे (टेरनची वेगवान बाईक) तीनही सुरुंग रांगेच्या बरेच पुढे पेरा. जवळ पेरलेत तर झीलट ते आपल्या टँकपर्यंत ओढून आणतात. ही चूक फार दिसते.

टँकचा पल्ला १२, दृष्टी फक्त १०. पुढे कुणी पाहणारे नसेल तर दोन घरांचा पल्ला वायाच जातो. ७५ मिनरल्सचा (खेळातले खनिज, त्यातून बांधकाम होते) मिसाईल टरेट पुढे उभा करा; तो प्रोटॉसचे अदृश्य डार्क टेंप्लरही दाखवतो. इंजिनिअरिंग बे ही इमारत हवेत उचलून पुढे नेली तरी चालते.

आणि सगळे टँक एकदम सीजमध्ये (रोवलेल्या स्थितीत) टाकू नका. पुढे सरकताना अर्धे रोवलेले असू द्या, अर्धे चालू द्या.