चिवट विद्यार्थ्याला गुण जास्त पडतात का?

प्रश्न:
कॉनर-डेव्हिडसन प्रश्नावली (२५ विधानं, कमाल १००) भरून घेतली की चिवटपणाचा, म्हणजे ताणातून सावरून पुन्हा उभं राहण्याच्या क्षमतेचा, आकडा हाती येतो. पण ८०वाला नापास आणि ५५वाला वर्गात पहिला, असंही होतं. मग निकालाशी त्याचा संबंध कितपत धरायचा? आणि मुलांना नेमकं करायला काय सांगायचं?

प्रतिसाद १:
निकालाचा अंदाज म्हणून तो आकडा वापरूच नका. मुलगा स्वतःला किती खंबीर समजतो एवढंच त्यात कळतं, विषय किती झालाय ते नाही. चिवटपणा गुणांपर्यंत पोचतो तो आडवाटेनं: तास बुडत नाहीत, सबमिशन वेळेत जातं, एक पेपर वाईट गेला म्हणून पुढचा सोडला जात नाही. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेला फरक इथे कामाचा आहे. ताणाचं कारण हटवता येत असेल तर ते हटवा, नसेल तर मन सावरा. मुलं नेमकं उलट करतात. सबमिशन चार दिवसांवर असताना मन शांत करत बसतात, आणि लागून गेलेल्या निकालावर रात्रभर डोकं फोडतात.

प्रतिसाद २:
करायला काय सांगायचं, तर तपासलेला पेपर उघडायला. बहुतेक जण गुण बघून तो बॅगेत कोंबतात आणि खरं नुकसान तिथंच होतं. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे पेन्सिलीनं एक अक्षर: ‘न’ म्हणजे वाचलंच नव्हतं, ‘आ’ वाचलं पण आठवलं नाही, ‘घ’ घाईत चुकलं. ‘न’ जास्त असतील तर वेळापत्रक बदला. ‘आ’ असतील तर पुन्हा वाचून उपयोग नाही. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहून काढा, मग एक, तीन आणि सात दिवसांनी पुन्हा. ‘घ’ला घड्याळ लावून जुने पेपर.

प्रतिसाद ३:
परीक्षेच्या वेळी होणाऱ्या धडधडीवरही उपाय आहे. काळजीचे विचार कार्यस्मृतीतली (हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवण्याच्या स्मृतीतली) जागा अडवतात. रामिरेझ आणि बेलॉक या संशोधकांच्या २०११च्या प्रयोगात परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. मात्र झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, तर समुपदेशकाकडेच पाठवा. तिथे चिवटपणाचे धडे नकोत.

प्रश्नकर्ता:
‘न’ आणि ‘आ’ मुलं प्रामाणिकपणे लिहितील?

प्रतिसाद २:
नाही लिहीत, ‘न’चं ‘आ’ करतात. त्या भागाची स्वतः काढलेली टिपणं उघडून दाखवायला लावा. नसतील तर ‘न’.