स्वातंत्र्यदिनी रस्त्यावर पडलेले झेंडे गोळा केल्यावर काय करावे?

प्रश्न : १५ ऑगस्टच्या संध्याकाळी आमचा गट रस्त्यांवरचे कागदी आणि प्लास्टिकचे झेंडे गोळा करणार आहे. ते कचरागाडीत देणे योग्य ठरेल का?

पहिले उत्तर : नाही. भारतीय ध्वजसंहिता, २००२ नुसार कागदी झेंडे जमिनीवर न टाकता, ध्वजाचा मान राखून त्यांची खासगीरीत्या विल्हेवाट लावावी लागते; खराब झालेला ध्वज तर शक्यतो जाळून, पूर्णपणे नष्ट करावा, असे तिथे म्हटले आहे.

दुसरे उत्तर : प्लास्टिक मात्र कृपया जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो. संहितेने हाती फडकवण्याची मुभा दिली आहे ती कागदी झेंड्यांना. त्यामुळे प्लास्टिकचे झेंडे विकू नयेत म्हणून दुकानदारांशी आधीच बोलणे अधिक उपयोगाचे.

प्रश्नकर्ते : आभारी आहे. दुकानदारांना याच आठवड्यात भेटतो.