चारचौघांची बाग: तुमचे अनुभव लिहा

गच्ची असो, इमारतीमागचा पडीक तुकडा असो, जिथली माती एकट्याच्या मालकीची नाही तिथले अनुभव लिहा. पीक किती निघालं यापेक्षा मजा कशात आली ते वाचायला आवडेल. भांडणंही चालतील. सुरुवात माझ्यापासून.

भेंडी कुणासाठी थांबत नाही. दोन-तीन दिवस तोडली नाही की निबर होते, आणि शेंगा झाडावरच जून झाल्या की नवी फुलं येणंही मंदावतं. एकट्याची बाग असेल तर चार दिवस बाहेर जाणं महागात पडतं. इथे तोडणीच्या पाळ्या आहेत. मी लावलेली भेंडी दुसऱ्याच्या घरी गेली याचा मला चक्क आनंद होतो. (वांग्यांच्या बाबतीत अजून एवढं मोठं मन झालेलं नाही.)

*

मला रोपांपेक्षा खताचा ढीग प्रिय! ओला कचरा सगळे हौसेने आणून टाकतात, सुका पाला कुणी आणत नाही. मग ढीग चिकट होतो, आत हवा राहत नाही आणि वास सुटतो. आता एक बादली ओल्यावर दोन-तीन बादल्या सुकी पानं, आणि अधूनमधून उलथापालथ. ढीग नीट जमला की त्याच्या पोटात ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता चढते. सकाळी उकरला की वाफ निघते, ती बघायला पोरं रांग लावतात. खुरपणीला हाक मारली की त्यातलं एकही सापडत नाही.

*

माझ्या लाल भोपळ्याला फुलं ढीगभर, फळ एक नाही. शेजारच्या वाफ्यातल्या आजी म्हणाल्या, "अगं, हे सगळे नर. मादीच्या फुलाखाली इवलासा भोपळा असतो, तो शोध." मधमाश्या कमी असल्या तर आपणच नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि त्यातला पराग मादीच्या फुलात मधोमध टेकवायचा. हे सकाळी लवकर, कारण उन्हं चढली की फुलं मिटतात. फळ धरलं तेव्हापासून आजी रोज बघून जातात. भोपळा नक्की कुणाचा, हे आता मलाही सांगता येणार नाही.

*

दुधीलाही असंच करायचं का?

*

हो, पण दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. फेरी तेव्हा मारा.

*

पुदिना. ज्यांनी तो वाफ्यात मोकळा लावला, त्यांना आम्ही सगळे ओळखून आहोत. मातीखालून धावत तो तिसऱ्या वाफ्यात निघाला. "पुदिना फक्त कुंडीत" हा आमच्या बागेतला एकमेव लेखी नियम.

*

चवळीवर मावा पडला तेव्हा निंबोळी अर्क फवारायचं जवळपास ठरलं होतं. एक कॉलेजातली मुलगी भिंग घेऊन आली आणि पानामागच्या काळ्या-नारिंगी, काटेरी अळ्या तिने दाखवल्या. दिसायला भयंकर, पण ती ढालकिड्याची (लेडीबगची) पिल्लं, मावा खाऊनच मोठी होणारी. फवारणी थांबली, भिंग हातोहात फिरलं, आणि काही दिवसांत शेंडे स्वच्छ झाले. आमच्यातले दोघे अजून म्हणतात की मावा पावसाने धुतला. दर रविवारी पाणी घालताना हा वाद नव्याने सुरू होतो, आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठीच वेळेवर पोचतो.