केबिन क्रू व्हायचंय, आधी कोर्स करू की डायरेक्ट अप्लाय?

ढगातली_चिमणी
ग्रॅज्युएशनचं शेवटचं वर्ष चालूये आणि केबिन क्रू व्हायचं हे बारावीपासून डोक्यात आहे. एका इन्स्टिट्यूटमधे चौकशी केली तर वर्षभराचा कोर्स, फी ऐकून घाम फुटला, वर म्हणे शंभर टक्के प्लेसमेंट. हा कोर्स केल्याशिवाय घेतच नाहीत का? उंची १५८ आहे, इंग्लिश कळतं पण बोलताना अडखळते, पोहता अजिबात येत नाही. घरचे म्हणतात एवढं शिकून विमानात चहापाणी द्यायचंय का, त्यावर काय बोलावं तेही सुचत नाही. या लाईनमधलं कुणी असेल तर खरं काय ते सांगा प्लीज.

जंपसीट
मी सध्या क्रूमधेच आहे. फी भरू नकोस, निदान आत्ता तरी नको. एअरलाईन आधी सिलेक्ट करते आणि मग स्वतःचं ट्रेनिंग देते, आणि ते तू बाहेरून काहीही शिकून आलीस तरी पहिल्यापासून करावंच लागतं कारण प्रत्येक विमानाचे दरवाजे, स्लाईड (इमर्जन्सीत बाहेर पडायची घसरगुंडी), सामानाच्या जागा सगळं वेगळं. दुसऱ्या टाईपच्या विमानावर टाकलं की परत त्याचं ट्रेनिंग, परत परीक्षा. कोर्समधे मेकअप, चालणं-बोलणं, इंटरव्ह्यूची तयारी असं शिकवतात, ज्यांना चारचौघात तोंड उघडायलाच भीती वाटते त्यांना उपयोग होतोही, पण ते सर्टिफिकेट म्हणजे नोकरी नाही.

आता घरच्यांचं. त्यांना सांग की विमानात क्रू किती हवा हे चहाच्या ट्रॉलीवरून ठरत नाही, सीटवरून ठरतं, बऱ्याच देशात ५० सीटमागे किमान एक असा नियम आहे. कारण इमर्जन्सीत माणसं बाहेर काढायची असतात. नवीन मोठ्या विमानाला मान्यता देतानाच बघतात की अर्धे दरवाजे बंद धरून ९० सेकंदात सगळे बाहेर पडू शकतात का. ट्रेनिंगमधे जास्त वेळ यातच जातो, आग विझवणं, धुराने भरलेल्या खोलीत हुड (धुरात श्वास घेता येईल असं डोक्यावरचं आवरण) घालून शिरणं, सीपीआर, मोबाईलच्या बॅटरीने पेट घेतला तर काय, आणि कमांड ओरडणं, घसा बसेपर्यंत ओरडायला लावतात. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा एअरपोर्टवर जपान एअरलाईन्सचं मोठं ए३५० विमान रनवेवर कोस्ट गार्डच्या विमानाला धडकून पेटलं, त्या छोट्या विमानातले पाच जण गेले पण जपान एअरलाईन्सच्या विमानातले ३७९ च्या ३७९ बाहेर आले. अनाउन्समेंटची सिस्टीम बंद पडली होती, आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले, क्रूने मेगाफोन आणि घशाच्या जोरावर लोकांना काढलं. हे घरी दाखव.

रोस्टर_पीडित
जंपसीट म्हणतात ते सगळं खरं पण मुलीला दुसरी बाजू पण सांगा की. मी सोडलं हे काम, कंटाळून नाही, झोपेपायी. रोस्टर म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक येतं त्याच्यावर तुमचं लग्नकार्य, सण, आजारपण सगळं अवलंबून आणि नवीन असताना सीनियॉरिटी नसल्यामुळे नको त्या तारखा आपल्याच वाट्याला. स्टँडबाय म्हणजे बॅग भरून, फोन उशाशी घेऊन बसायचं, बोलावलं तर निघायचं नाहीतर तसंच बसून राहायचं. पगाराचं पण नीट विचारून घे, बऱ्याच ठिकाणी फ्लाईंगचे पैसे विमान हललं की चालू होतात, म्हणजे बोर्डिंगला बॅगा, भांडणं, रडणारी पोरं हे सगळं फुकटात. अमेरिकेत डेल्टा एअरलाईनने २०२२ मधे बोर्डिंगचे पैसे द्यायला सुरुवात केली तेही अर्ध्या दराने, यावरून समजून घे. आणि शरीर. केबिनमधला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तसा, हवा एकदम कोरडी, त्यात रात्रीचा दिवस. पहिलं वर्ष मजेत जातं, त्यानंतर कळतं.

जंपसीट
@रोस्टर_पीडित स्टँडबायचं अगदी बरोबर, नाकारत नाही. पण रोस्टर सगळीकडे एकसारखं नसतं, छोट्या रूटवर दिवसाला चार सेक्टर (म्हणजे चार उड्डाणं) मारून रात्री घरी येणारेही आहेत.

खिडकीवाला
उंचीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. बऱ्याच एअरलाईन्स नुसती उंची नाही, हात किती वर पोचतो ते मोजतात, कारण इमर्जन्सीचं सामान वर ठेवलेलं असतं. एमिरेट्सकडे उंची १६० आणि टाचा उंचावून २१२ सेंटीमीटर, वयही २१ पूर्ण लागतं. म्हणजे १५८ ला तिथे अडेल पण काही ठिकाणी १५५ पण चालतं, प्रत्येकाच्या साईटवरचं करियर पेज बघ. भिंतीला चिकटपट्टी लावून घरीच माप घे. पोहणं मात्र आजपासून शिक, पूलमधे लाईफ जॅकेट घालून राफ्टवर (हवेच्या तराफ्यावर) चढायला लावतात आणि पाण्याला घाबरणारी माणसं तिथेच गळतात.

इंग्लिशचं टेन्शन नको घेऊस, ॲक्सेंट कुणी मोजत नाही. रोज दहा मिनिटं काहीतरी मोठ्याने वाचून रेकॉर्ड कर आणि ऐक. ग्रुप राउंडमधे सगळ्यात जास्त बोलणारा निवडला जातो असं वाटतं पण ते बघतात की दुसऱ्याचं वाक्य तोडतेस का, गप्प बसलेल्याला बोलायला जागा देतेस का. आणि सिलेक्शनसाठी पैसे मागणारा कुणी भेटला की तिथूनच मागे फीर, एअरलाईन उमेदवाराकडून अप्लाय करायचे पैसे घेत नाही.

ढगातली_चिमणी
बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू! हात मोजला, टाचा उंचावून २१० येतोय 😅 एक विचारायचं राहिलं, लहानपणी माझ्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय. आता काही त्रास नाही. मेडिकलमधे अडेल का?

जंपसीट
अगं हे सगळ्यात आधी सांगायचं! कोर्स, पोहणं, इंटरव्ह्यू सगळं बाजूला ठेव, आधी ईएनटीकडे जा आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), टिंपॅनोमेट्री (पडदा आणि कानातल्या दाबाची तपासणी) दोन्ही करून घे. विमान वर-खाली होताना कानात दाब समान व्हायला लागतो, साध्या सर्दीत नाक चोंदलं असलं तरी आम्ही ड्युटीला जात नाही. पडदा नीट भरला असेल आणि दाब बरोबर सुटत असेल तर पुष्कळ जण पास होतात. डॉक्टरांना स्पष्ट सांग की रोज फ्लाय करायचंय, नुसतं ऐकू येतंय का एवढंच तपासू देऊ नकोस. ऑपरेशनचे जुने कागद असतील तर शोधून ठेव, मेडिकलला मागतील, आणि फॉर्मवर लपवू नकोस. रिपोर्ट आला की इथेच टाक.

ढगातली_चिमणी
आईला कागद शोधायला लावलेत, शनिवारची अपॉइंटमेंट घेते.