ढोकरीवर गलोल उचलण्याआधी हौदाची पायरी बघा

गुहागरकर: "बगळे माजलेत, हौदावर नायलॉनची जाळी टाका आणि हाताशी गलोल ठेवा," ही परवाची पोस्ट वाचून राहवलं नाही. ढोकरी, म्हणजे तो लहान मातकट बगळा, सहसा पोहत नाही, उथळ पाण्यात किंवा काठाशी उभी राहून मासा टिपते. माझ्या चिऱ्याच्या हौदाला आत पायरी होती. ती काढली, भिंत सरळ केली, पाणी अडीच फूट ठेवलं, तळाशी जुन्या घराची मंगळुरी कौलं एकमेकांना टेकवून ठेवली. सावली पडली की मासे कौलांखाली. ढोकरी अजून येते, मान आखडून बसते आणि उडते. मातकट अंगाखालून पांढरेशुभ्र पंख उघडतात ते तेव्हाच! आणि गलोलीचं म्हणाल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

मालवणहून (ती पोस्ट माझीच): सांगायला सोपं आहे. माझे सतरा गोल्डफिश होते, चार उरले. लेकीने एकेकाला नाव ठेवलेलं. खंड्याला पायरी लागत नाही हो, तो माडाच्या झावळीवरून सूर मारतो आणि मासा फांदीवर आपटून गिळतो. जाळीच हवी.

वेंगुर्ल्याची सून: नायलॉनचं नाव काढू नका. गेल्या पावसात आमच्या हौदाच्या जाळीची कड जमिनीवर लोळत होती, त्यात धामण अडकली. मानेभोवती तीन फेरे, धागा खवल्यांत रुतलेला. नखं कापायच्या कात्रीने एकेक धागा तोडला, पाऊण तास गेला. वाचली नाही.

मालवणहून: म्हणजे माशापेक्षा साप मोठा?

वेंगुर्ल्याची सून: भाताची कणगी घरात असली की कळतं उंदीर कोण धरतं ते. आमच्या सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

चिपळूणकर: तुम्ही माशांचं धरून बसलाय, इथे वानरं केळीचा घड ठेवत नाहीत. त्याचं बोला.

गुहागरकर: वानरांसाठी वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो.

चिपळूणकर: वेगळं नाही ते. पूर्वी भाताच्या खाचरात बेडूक, मासे भरपूर, ढोकरी दारात कशाला येईल? आता मळे पडीक, चाकरमानी गणपतीपुरते येणार.

डोंबिवली, मूळ राजापूर: चाकरमान्यांवर घसरू नका. गावचं घर आमच्या पगारावर उभं आहे. शेत करायला माणूस मिळत नाही, तीनदा विचारून बघितलं.

चिपळूणकर: माणूस मिळत नाही हे खरं. तेवढंच मान्य.

मालवणहून: माझ्या माशांचं काय ते बोला! गलोल लिहिलं ते चुकलं, काढून टाकतो. जाळी मात्र लावणार.

वेंगुर्ल्याची सून: लावा, पण लोखंडी. चौकटीवर ताठ बसवा, कुठेच लोळू देऊ नका.

मालवणहून: अर्धा इंची वेल्डमेश वेंगुर्ल्यात मिळते का?