गोळ्यांनी अबॉर्शन, नक्की काय काय होतं?

प्रश्न: सातवा आठवडा चालूय. पहिली गोळी आज डॉक्टरांसमोर घेतली, बाकीच्या परवा घरी घ्यायच्यात. कितपत दुखतं? आणि नंतर मन खातं का गं?

उत्तर १: पहिलीने मला काहीच जाणवलं नाही, खरा त्रास मिसोप्रोस्टॉलनंतर (म्हणजे तू परवा घरी घेणार आहेस त्या गोळ्या), दोनेक तासांत कळा सुरू, पाळीपेक्षा कितीतरी जोरात, रक्ताच्या गाठी पडल्या, थंडी वाजली, जुलाब पण झाले. दुखणं थांबवायला आयबुप्रोफेन चालतं का ते आधीच विचारून ठेव आणि शेकायला गरम पिशवी. ४-५ तासांत ओसरलं, पण थोडं थोडं रक्त २ आठवडे जात होतं.

उत्तर २: तासाला २ पॅड पूर्ण भिजले आणि असं सलग २ तास चाललं, किंवा ताप उतरेना, तर वाट बघू नकोस, सरळ दवाखाना गाठ. प्रेग्नन्सी टेस्टची घाई नको, अबॉर्शन झालं तरी ४ आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते (मी उगाच हादरले होते).

उत्तर ३: मनाचं म्हणशील तर आधी हुश्श झालं, मग तिसऱ्या दिवशी भांडी घासताना अचानक रडू आलं. निर्णय चुकला असं नाही वाटलं, नुसतंच रडले. मैत्रिणीला तर काहीच वाटलं नाही, आणि काही वाटत नाही म्हणूनच ती बिचारी टेन्शनमध्ये!

प्रश्न विचारणारी: थँक्स गं, परवा बहिणीला थांबवून घेते.